हौदातली विनाशिका

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मेहुण्याने युद्धनौका दिली.

युद्धनौका खोक्यात होती. प्लास्टिकची, सुट्या भागांची, आपली आपण जोडायची. झाकणावर खवळलेल्या समुद्रातून लाटा कापत निघालेली राखाडी बोट, आणि आत तिचे शेकडो तुकडे, काही तर मोहरीएवढे. “दाजी, आता रिकामेच बसणार तुम्ही,” मेहुणा म्हणाला. “ही जोडा. डिस्ट्रॉयर हाय. आपल्या भाषेत विनाशिका.”

“दिवसभर घरात बसणारा नवरा काय कमी होता,” बायको म्हणाली, “त्यात आता विनाशिका.”

हा मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लासूर स्टेशनचा. लासूरला उभं राहून कुठल्याही दिशेला पाहिलं तरी समुद्र दिसत नाही, कांद्याची गोणी दिसते. तरी हा गडी मिसरूड फुटायच्या वयात नौदलात गेला, अशाच एका विनाशिकेवर कित्येक वर्षं राहिला आणि निवृत्त होऊन परत लासूरला आडतीच्या दुकानात येऊन बसला. लग्नकार्यात तो बोलायला लागला की मांडवात सामसूम होते. वाढपी भज्यांचं ताट हातात धरून ऐकत उभे राहतात. घराएवढी लाट कशी आली, बोट कशी कलली, पुन्हा कशी सरळ झाली. त्याचं सांगून झालं की कोणीतरी माझ्याकडे वळतं आणि मलाही बरं वाटावं म्हणून विचारतं, “तुम्ही कशात होता?”

मी वाळूजच्या एका कारखान्यात होतो. तिथे मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाक्या बनत. टाकीत हवा भरायची, ती पाण्याच्या कुंडात बुडवायची आणि बुडबुडा येतो का ते पाहायचं, हे माझं काम. बुडबुडा आला की टाकी रिजेक्ट, नाही आला की पास. अख्खी नोकरी मी बुडबुड्यांची वाट बघत काढली. “म्हणजे तुमचाही पाण्याशीच संबंध की,” असं एका लग्नात कोणीतरी म्हणालं आणि सगळी पंगत हसली. मेहुणा सगळ्यांत मोठ्याने हसला. माणूस वाईट नाही, पण ते हसणं माझ्या मनात राहून गेलं होतं.

म्हणून मी बोट जोडायला घेतली. त्या माणसाने एकदा, फक्त एकदा, मी केलेल्या वस्तूकडे बघून मान डोलवावी एवढीच माझी इच्छा होती. साठीच्या माणसाला अशी इच्छा असू नये हे मला कळतं. पण होती.

प्रश्न जागेचा होता. आमच्या हॉलमध्ये काचेची शोकेस आहे आणि तिच्यावर माझी सत्ता चालत नाही. वरच्या कप्प्यात ठिकठिकाणच्या देवस्थानांहून आणलेल्या मूर्ती, खालच्या कप्प्यात मुलीने शाळेत मिळवलेल्या ढाली. मुलगी सासरी गेली, ढाली इथेच राहिल्या. आणि मधल्या, अगदी डोळ्यांसमोरच्या कप्प्यात डिनर सेट. पांढरा, निळ्या काठाचा. आमच्या लग्नात मेहुण्याने आपल्या पहिल्या पगारातून घेतलेला आणि फुटू नये म्हणून रेल्वेत सबंध रस्ताभर मांडीवर धरून आणलेला. त्या डिनर सेटमध्ये आजवर एकही माणूस जेवलेला नाही. जावई पहिल्यांदा आला तेव्हाही तो स्टीलच्या ताटातच जेवला.

“एवढी भांडी घासायला पाणी कुठंय?” हे बायकोचं ठरलेलं उत्तर, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या पडेगावच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्या दिवसाला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. पाण्याच्या दिवशी गल्लीतलं कोणी गावाला जात नाही, साखरपुडा ठरवत नाही, शक्यतो आजारीही पडत नाही. अंगणाखालचा हौद गळ्यापर्यंत भरून घ्यायचा, वर लोखंडी झाकण टाकायचं आणि पुढचा पूर्ण आठवडा त्या हौदावर राज्य करायचं.

बोटीचा सांगाडा उभा राहिल्यावर बायकोने अट घातली. “भाऊबीजेला भाऊ येईल. त्यानं बघून चांगली म्हटली तर मधला कप्पा तुमचा. नाय म्हटला तर बोट माळ्यावर.”

“आणि डिनर सेट?”

“ते माझं मी बघीन.”

मी कामाला लागलो. खिडकीशी पाट मांडला, चिमटा घेतला, नेलकटर घेतलं, वाचायचा चष्मा नाकावर आणि त्याच्यावर दुसरा चष्मा. पावसाळाभर मी त्या पाटावर होतो. एकदा क्षेपणास्त्राचं झाकण माझ्या भुवईला चिकटलं आणि मी दिवसभर ते घरभर शोधत फिरलो. एकदा उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटली, त्याच वेळी सिलिंडरवाला आला आणि त्याला वाटलं मी त्याला नमस्कार करतोय. बिचाऱ्यानेही केला. नांगर हरवला तेव्हा तर मी रडकुंडीला आलो होतो. तो बायकोला तांदूळ निवडताना सापडला. तिने तो खड्यासारखा बाजूला काढला होता, पण टाकायच्या आधी सवयीने चष्मा लावून पाहिला, आणि तेवढ्याने बोटीचा नांगर वाचला.

दसऱ्याच्या आधी बोट पूर्ण झाली. हातभराहून थोडी लांब, पाण्याखालचा भाग तांबडा, वरचा राखाडी, मागे हेलिकॉप्टर उतरायची जागा आणि तिच्यावर मी स्वतः काढलेलं पांढरं वर्तुळ. बुडाला दोन भोकं पाडून ती लाकडी स्टँडच्या दोन खुंट्यांवर बसवली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं आणि मी त्या कौतुकात झोपलो. दुपारी उठून बघतो तर खंडेनवमीची पूजा झालेली. शिलाई मशीन, माझे पाने, स्कूटर आणि शेवटी बोट. बोटीला झेंडूची माळ आणि हेलिकॉप्टरच्या वर्तुळात बरोबर मधोमध हळद-कुंकू.

“अगं, हे काय केलंस?”

“वाहन बी हाय आणि शस्त्र बी हाय. दोन्ही एकातच उरकलं.”

हळद पुसली गेली. कुंकू रंगात मुरलं होतं. मी जितकं घासलं तितकं ते जास्त ठळक झालं. शेवटी मी हार मानली आणि ती नौका सौभाग्यवती आहे असं समजून चाललो.

दिवाळीच्या आदल्या पाण्याच्या दिवशी सकाळी मेहुण्याचा फोन आला. बोट झाल्याचं बहिणीने त्याला सांगितलंच होतं. “दाजी, पाण्यात सरळ उभी राहती का?”

“ती शोभेची आहे. शोकेसमध्ये ठेवायची.”

“पाण्यात उभी राहत नसंल तर मग ती बोट कसली? बघून ठेवा. आल्यावर इचारणार हाय मी.”

फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. म्हणजे भाऊबीजेला हा चारचौघांत विचारणार, मी नाही म्हणणार, आणि पुन्हा हशा. बायको उटणं आणि पणत्या आणायला गुलमंडीला गेली होती. हौद नुकताच काठोकाठ भरला होता, हात घातला की पाणी लागत होतं. आठवड्यातून हीच एक वेळ अशी असते. मी बोट स्टँडवरून उचलली, अंगणात नेली, हौदाशी गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हातांनी तिला पाण्यावर सोडली.

काय दिसली ती! सरळ, देखणी, तांबडी कड पाण्याखाली, राखाडी अंग पाण्यावर. पडेगावात उभी राहिलेली विनाशिका. मला मेहुण्याला ताबडतोब फोन करावासा वाटला.

मग तिच्या बुडाशी एक बुडबुडा आला.

आयुष्यभर मी बुडबुडे बघितले होते, त्यामुळे मला काय झालंय ते बोटीच्या आधी कळलं. स्टँडच्या खुंट्यांसाठी मीच पाडलेली दोन भोकं. दुसरा बुडबुडा आला, तिसरा आला, मग रांग लागली. बोट पुढून खाली बसली, मागून वर उठली आणि मी हात घालेपर्यंत हौदाच्या काळोखात उतरून गेली. सर्वांत शेवटी कुंकू दिसेनासं झालं.

बायको परत आली तेव्हा मी हौदाच्या झाकणावर बसलो होतो. मी सगळं सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली, झाकण सरकवून हौदात बघितलं, काहीच दिसलं नाही.

“कुंकवासकट?” तिने विचारलं.

“कुंकवासकट.”

“माझं पिण्याचं पाणी,” ती म्हणाली आणि ओसरीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “भावाला कळलं तर त्याला वाटंल, त्यानं दिलेली वस्तू आपण पाण्यात घातली.”

“घातलीच आहे.”

“म्हणून काय त्याला सांगायचं?”

ही तिची बाजू बदलल्याची खूण होती. मला गहिवरून आलं, पण ती लगेच कामाचं बोलायला लागली. शेजारच्या भाभींचे मियाँ मिक्सर दुरुस्त करतात आणि त्यांच्याकडे विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आहे. त्यांनी तो आणला. चार आकड्यांचा तो गळ पाहूनच मला घाम फुटला, कारण माझ्या बोटीवरचं सगळ्यांत जाड रेलिंग शेवईएवढं होतं. “रहने दो,” मियाँ स्वतःच म्हणाले, “जहाज निकलेगा, मगर खिचडी होके निकलेगा.” हौदात उतरावं तर बायको म्हणाली, पाणी पिण्याचं असो नसो, त्यात पाय घालू देणार नाही. शिवाय मला पोहता येत नाही आणि हौद माझ्याहून उंच आहे.

एकच मार्ग उरला. हौद रिकामा करायचा. भाऊबीजेच्या आत.

पाणी गटारात सोडून देता आलं असतं. मोटार लावली की काम झालं. पण आमच्या गल्लीत पाणी गटारात सोडणाऱ्या माणसाला कोणी परत चहाला बोलावलं नसतं, आणि माझा हातही बटणाकडे गेला नसता. म्हणजे पाणी वापरूनच संपवायचं. रंग आणि ग्लू लागलेलं म्हणून ते प्यायचं नाही, प्यायला जार मागवायचा, बाकी सगळ्याला हौद. बायकोने कंबर कसली.

आणि मग आमच्या लक्षात आलं की पाणी वाचवायच्या सगळ्या युक्त्या आम्हाला येतात, संपवायची एकही येत नाही.

बायकोने अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढली. धुतली, पण विसळलेलं पाणी सवयीने बादलीत धरून ठेवलं, त्या पाण्याने फरशी पुसली आणि फरशीचं पाणी संडासात वापरलं. त्यामुळे संडासासाठी हौदातून जे पाणी लागलं असतं ते लागलंच नाही. नरकचतुर्दशीला मी निश्चय करून दोन बादल्या घेऊन अभ्यंगस्नानाला बसलो. पहिली बादली संपली. दुसरीला हातच लागेना. पाटावर उटणं लावून नुसता बसून राहिलो. शेवटी एक तांब्या घेतला, बाकी पाणी तसंच ठेवून बाहेर आलो, आणि ते बायकोने जिन्यावरच्या कुंड्यांना घातलं. कुंड्यांचं रोजचं पाणी वाचलं. मी काठी घालून पाहिलं तर हौद जेमतेम हातभर उतरला होता.

“गल्लीला सांगा,” मी म्हणालो.

गल्लीला सांगितलं. आमच्याकडे पाणी जास्त झालंय, घेऊन जा. असं वाक्य त्या गल्लीत पूर्वी कोणी उच्चारलेलं नव्हतं, त्यामुळे आधी कोणाचा विश्वास बसेना. मग भाभी दोन कळशा घेऊन आल्या. समोरच्या घरातल्या मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एक हंडा घेऊन आल्या. “आणखी न्या,” आम्ही म्हणतोय आणि त्या “तुम्हालाच लागेल, सणासुदीचं आहे,” म्हणतायत. मी अक्षरशः गयावया केली. मॅडम म्हणाल्या, “नाही हो, कोणाचं एवढं घेऊ नये.” घेतानाही लोक हंडा काठापासून चार बोटं रिकामा ठेवत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. पण आमच्याकडे साखर उसनी घेतात तसं पाणीही उसनं घेतात, आणि उसनं परत करायचं असतं. पाडव्याच्या संध्याकाळी मी हॉलमध्ये बसलो होतो. बाहेर खळखळ आवाज आला. जाऊन पाहतो तर भाभी झाकण सरकवून आमच्या हौदात दुसरी कळशी ओतत होत्या. त्यांच्या भावाच्या घरी पाणी आलं होतं, तिथून दिराच्या रिक्षातून आणलं होतं.

“भाभी, कायकू?” मी जवळजवळ ओरडलोच.

“सण के दिन किसी का उसना नक्को रखना भाईसाब,” त्या म्हणाल्या आणि रिकामी कळशी घेऊन समाधानाने गेल्या. त्यांच्या मागोमाग मॅडमचा हंडा आला. मॅडमचा तर काठोकाठ भरलेला होता.

फायदा म्हणाल तर एकच झाला होता. आदल्या दिवशी न्हाणीतला नळ सोडला आणि बादलीत टपकन काहीतरी पडलं. बघतो तर बोटीवरची जीवनरक्षक नाव. हौदातून मोटारीत, मोटारीतून गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून नळातून, एवढा प्रवास करून ती सुखरूप बादलीत उतरली होती. एवढ्या सगळ्या प्रकारात आपलं काम चोख करणारी तेवढी एकच वस्तू. मी ती पुसून खिडकीत ठेवली.

भाऊबीजेची सकाळ उजाडली तेव्हा हौदात कमरेएवढं पाणी होतं. मेहुणा दुपारच्या जेवणाला येणार होता. मी त्याला काय सांगायचं याची तयारी करत होतो. रंग वाळतोय म्हणावं, की प्रदर्शनाला पाठवलीय म्हणावं. बायको हॉलमध्ये उभी राहून बराच वेळ शोकेसकडे बघत होती. मग तिने काच सरकवली.

“काय करतेस?”

“पाणी संपवायचंय ना? मग आज काढते डिनर सेट. लग्नापासूनची धूळ हाय, दोनदा धुवावा लागंल. आणि भाभीला, मॅडमला जेवायला बोलवा. सगळ्यांची ताटं घासायला लागली म्हणजे बघू कसं उरतंय पाणी.”

तिने अंगणात साडी अंथरली आणि एकेक ताट, एकेक वाटी, पाणी वाढायचा तो बदकाच्या चोचीसारखा जग, सगळं बाहेर आणलं. मी मोटार लावून बादल्या भरत होतो. ती धूत होती, सांडत होती, पुन्हा धूत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच मोकळ्या हाताने पाणी वापरताना पाहत होतो. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते आणि ती गुणगुणत होती. मला बोटीचा विसर पडला, हे खरं सांगतो. भाभी आल्या, त्यांनी पदर खोचला आणि विसळायला बसल्या. मग मात्र मोटारीचा आवाज बदलला, ती नुसती हवा ओढायला लागली.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि मेहुणा आत आला. ठरल्यापेक्षा लवकर, हातात मिठाईचा डबा, बहिणीसाठी साडीची पिशवी.

मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. प्रदर्शन. प्रदर्शन म्हणायचं ठरलं होतं.

त्याने बोटीबद्दल विचारलंच नाही. त्याने मला पाहिलंसुद्धा नाही. तो अंगणात थबकला आणि उन्हात वाळत घातलेल्या निळ्या काठाच्या ताटांकडे बघत राहिला. मग चपला काढून साडीच्या कडेला उकिडवा बसला, एक वाटी उचलली, उलटी केली, तिचं बूड पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “मला वाटायचं तुला आवडला नाय हा.”

बायको ओल्या हाताने उभी. “असं कसं वाटलं तुला?”

“दरवर्षी येतो मी. दरवर्षी स्टीलच्या ताटात जेवतो. म्हटलं, निळा रंग पसंत पडला नसंल.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “मनमाडला गाडी बदलताना हमालानं खोकं मागितलं, त्याला बी हात लावू दिला नव्हता मी.”

“अरे, जपून ठेवला,” बायको म्हणाली. “फुटंल म्हणून. आणि पाणी...” भाभींनी मान खाली घालून एक स्वच्छ ताट पुन्हा विसळायला घेतलं.

हा माणूस घराएवढ्या लाटेला भ्याला नव्हता, आणि एवढी वर्षं एका शोकेसला भीत आला होता. मला त्याची दया आली आणि थोडा रागही आला, कारण मी पावसाळाभर ज्याच्यासाठी पाटावर बसलो होतो त्याला बोटीची आठवणही नव्हती. शेवटी मीच म्हणालो, “पाव्हणं, बोट नाही विचारली?”

“कोणती बोट?” तो म्हणाला. मग आठवलं. “व्हय की. कुठंय?”

प्रदर्शन म्हणायचं होतं. “हौदात आहे,” असं तोंडातून गेलं.

तो आत जाऊन डोळ्यांना पाणी लावून आला. येताना खिडकीतली जीवनरक्षक नाव त्याच्या चिमटीत होती. ती त्याने माझ्यासमोर धरली. “ही आधीच उतरवली व्हय?” त्याला काय ते कळलं होतं. त्याने झाकण बाजूला सारलं, पोटावर आडवा झाला आणि मोबाइलचा उजेड हौदात टाकला. मीही त्याच्या शेजारी आडवा झालो.

तळाशी मोटारीच्या पाइपखाली ठेवलेल्या दोन विटा होत्या. बोट नेमकी त्या विटांच्या मध्ये बसून अडकली होती, सरळ. आणि मोटारीने पाणी ओढायचं सोडलं होतं तेव्हा उरलं होतं ते पाणी बरोबर तांबड्या आणि राखाडी रंगाच्या सीमेवर. मी रंगवलेली पाण्याची रेघ, आणि खरी पाण्याची रेघ. बाजूचं रेलिंग वाकलं होतं, रडार तिरपं झालं होतं, अंगावर गाळाचे ओघळ होते, वर्तुळात कुंकू होतं. समुद्रावरून नुकतीच परतलेली विनाशिका हौदात शांत उभी होती.

मेहुण्याने उजेड बोटीवर स्थिर धरला.

“सरळ उभी हाय,” तो म्हणाला. मग उजेड बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवला आणि पाण्याकडे निरखून पाहिलं. “दाजी, बुडबुडा कुठं दिसत नाय.”

मीही सवयीने बुडबुडाच शोधत होतो.

“पास,” तो म्हणाला आणि मान डोलवली.

त्याला सगळं कळलेलं होतं आणि तरी तो म्हणाला, हे मला तेव्हाच समजलं. त्यामुळेच मला तिथून उठवेना. वेळ मारून न्यायला मी चष्मा पुसला, पण पोटावर आडवा पडलेला माणूस चष्मा पुसताना फार काही लपवू शकत नाही.

“इतक्यात काढू नका,” मेहुणा उठत म्हणाला. “ताईनं बघितली का अशी?” बायको ओल्या साडीचा पदर सावरत आडवी झाली. मग भाभी, मग जेवायला आलेल्या मॅडम आणि मियाँ. मॅडमनी तर विचारलं की हिच्यावर माणसं किती असतात, आणि मेहुण्याने तिथेच उकिडवा बसून घराएवढ्या लाटेची गोष्ट सांगायला घेतली. या वेळी मधूनमधून “दाजींना विचारा” असं म्हणत होता. मला त्या लाटेबद्दल काहीएक माहीत नाही. तरी मी मान डोलवत राहिलो.

औक्षण झाल्यावर आम्ही सगळे निळ्या काठाच्या ताटांत जेवलो. मेहुण्याने तीनदा भात मागून घेतला. मला वाटतं भूक कमी होती, ताट सोडवत नव्हतं. उठताना बायको नको नको म्हणत असताना त्याने आपलं ताट स्वतः घासलं, तेही एका तांब्यात. एक वाटी मियाँच्या हातून पडून फुटली. सगळे बायकोकडे बघायला लागले. ती म्हणाली, “फुटायचीच होती कधीतरी,” आणि केरसुणी घ्यायला गेली.

संध्याकाळी बोट काढायला हौदात उतरायचं होतं. मी हौदाच्या तोंडात पोटाशी अडकलो, म्हणून मेहुणा उतरला. घोटाही न बुडणाऱ्या पाण्यात उभं राहून त्याने ती दोन्ही हातांनी वर माझ्या हातात दिली. जाताना त्याने शोकेसकडे पाहिलं. मधला कप्पा रिकामा होता.

“डिनर सेट परत लावणार ना?” त्याने बहिणीला विचारलं.

“आता कुठं लावू? जागाच नाय. तिथं बोट बसणार हाय,” ती म्हणाली. ताटं तिने स्वयंपाकघरात, रोजच्या भांड्यांच्या मांडणीवर रचून ठेवली होती.

बोट आता मधल्या कप्प्यात आहे. रडार मी सरळ केलं नाही, गाळही धुतला नाही. भोकं मात्र एम-सील लावून बुजवली. परवा पाण्याचा दिवस होता. हौद काठोकाठ भरला, मी झाकण लावायला वाकलो, तर बायको हॉलमधून बोट घेऊन आली आणि हौदाच्या काठाशी उभी राहिली.

“आता तरंगेल,” मी म्हणालो. “भोकं बुजवलीत.”

“कशाला बुजवली?” ती म्हणाली. “पुढल्या भाऊबीजेला काय करायचं मग?”